गिरणीपलीकडचा फुटपाथ

साडेतीन महिने झाले,
आमचा डबा गिरणीवर गेलेला नाही.
धनकवडीच्या उतारावर गिरणी,
शेजारी सायकलचं दुकान, समोर रिक्षा स्टँड.
मी हल्ली पलीकडच्या फुटपाथनं जाते,
उधारी थकल्यासारखी.

सुरुवात एका कागदानं झाली.
यांच्या साखरेचा आकडा, त्याखाली डॉक्टरीणबाईंची निळी रेघ.
आणि रेवाचं वजन, ज्याबद्दल शाळेनं
फार गोड शब्दांत चिठ्ठी धाडली होती.
धान्य नको, डाळ नको, दूध नको,
साखर तर नावालाही नको.
"मग खाता तरी काय?"
सबनीसवहिनींनी जिन्यातच विचारलं,
वरच्या पायरीवरून.

खातो की.
सुरण आणते मार्केट यार्डातून, मातीसकट,
हाताला तेल लावून चिरते.
रताळी गॅसवर जाळी ठेवून भाजते,
साल काळी पडेपर्यंत, घरभर वास सुटेपर्यंत.
ज्या शेपूला घरात कुणी उभं करत नव्हतं
तो आता अंड्यांत मिसळून
ताठ मानेनं ताटात येतो.
रविवारी मटणाचा रस्सा, नुसता, वाटीनं प्यायचा.
मधल्या सुट्टीच्या डब्यात खोबऱ्याचे काप, पेरू,
आणि अक्रोड, मोजून चार.
हे घर पगारावर चालतं.

अण्णांचा हात मात्र ऐकत नाही.
जेवायला बसले की उजव्या हाताची बोटं
ताटाच्या कडेला भाकरी मोडल्यासारखी हलतात.
तिथे काही नसतं.
मग ऑम्लेटचा तुकडा मोडतात,
रश्शात बुडवतात, डोळे मिटतात.
"लागतंय का चवीला?"
"लागतंय," म्हणतात.
ऐंशीव्या वर्षी हा माणूस
सुनेसाठी खोटं बोलायला शिकला.

रेवा विचारते,
"आई, गुहेतल्या बायका रोज काय करायच्या?"
जे मिळेल ते.
"आणि कुणाला नाही आवडलं तर?"
मी कांदा चिरत राहिले,
तोही त्याच काळातला असावा,
डोळ्यांना तसाच झोंबतो.

यांच्या खिशात खारीचा चुरा सापडला.
गॅलरीत नेऊन झटकला, चिमण्यांनी टिपला.
मी बोलले नाही काही.
बोलेल तो आकडाच, पुढच्या कागदावर.

काल बसवाल्यानं थांबा सोडून पुढे उतरवलं,
नेमकं गिरणीच्या दारात.
"ओ वहिनी, चिडला काय आमच्यावर?
गहू जाड दळला गेला होता का?"
ढमढेरेकाका. भुवयांवर पीठ, पापण्यांवर पीठ,
कानाच्या पाळीवरसुद्धा.
सांगितलं मग सगळं, चोरी कबूल करावी तसं.

त्यांनी खटका ओढला. पट्टा थांबला.
इतकी शांतता त्या दुकानात
मी कधी ऐकली नव्हती.
काउंटरखालून स्टीलचा डबा काढला, उघडून दाखवला:
दोन उकडलेली अंडी, काकडी, दुधीच्या फोडी.
"मलाही बंदच केलंय. वर्ष झालं.
दिवसभर नाकानं खातो पीठ,
ताटात नाही."

हसावं की काय, कळेना.
त्यांनाही कळलं नसावं.
मग जरा पुढे वाकून, हळूच,
गिऱ्हाइकानं ऐकू नये अशा आवाजात,
"सुरण करता का हो? आमच्याकडे घशाला खाजतो."
आमसूल घाला म्हटलं, उकडतानाच. सढळ हातानं.

कागद नव्हता जवळ.
कुणाच्या तरी डब्याच्या झाकणावर
पिठाचा थर होता,
त्यावर त्यांनी बोटानं लिहिलं, आमसूल,
मोठ्या अक्षरात,
शाळेतल्या पाटीवर लिहावं तसं.

मी उतार उतरायला लागले.
मागे पट्टा पुन्हा सुरू झाला.
आता त्या अक्षरांवर
कुणाची तरी ज्वारी
हळूहळू बसत असेल.